सही माझी, वाचन अनुसयाचं

अनुसया गेली त्याला उद्या सहा आठवडे होतील. त्या दिवशी सकाळी मी येरमाळ्याला तिच्या डोळ्यांत घालायचं औषध आणायला गेलो होतो. दुकानदारानं बाटली कागदात गुंडाळून दिली, ती वरच्या खिशात ठेवली आणि अकराच्या एसटीनं फाट्यावर उतरून चालत घरी आलो. दारात बारा-पंधरा चपला. आमच्या घरी त्या वेळेला एवढ्या चपला कधी नसतात. चपला बघूनच कळलं. आत गेलो तर बायका बाजूला सरल्या. ती तिच्या जागेवर, भिंतीकडं तोंड करून... झोपेतच गेली म्हणाले. मी खिशातली बाटली काढून तिच्या उशाशी ठेवली. का ठेवली ते मला सांगता येणार नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं गेलं.

मी तिसरी शिकलेला माणूस. शेती करून ऐंशीला आलो. पेपरात लिहिणं हे आपलं काम नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगायला आता घरात माणूस उरलं नाही, म्हणून चारचौघांत सांगतो. माझ्या धाकट्या भावानं, बापूनं, वकिलीतली सगळ्यांत वरची परीक्षा दिली. एलएलएम. त्या परीक्षेच्या कागदांत एका जागी माझं नाव आहे, माझी सही आहे. तिथं अनुसयाचं नाव पाहिजे होतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. तिलाही नाही.

अनुसयाचे वडील तालुक्याच्या कोर्टात मोहरीर होते, म्हणजे लिहिणारे कारकून. राज्य निझामाचं, कोर्टाचा सगळा कारभार उर्दूत. त्यांना मुलगा नव्हता, बायको लवकर गेली होती, आणि चाळिशीतच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल म्हणून त्यांनी काय केलं, तर घरी आणलेले कागद पोरीला वाचायला शिकवले. छापील उर्दू तर वाचायचीच, पण कोर्टातल्या लोकांची ती घाईनं लिहिलेली, एकात एक गुंतलेली अक्षरं असतात, शिकस्ता म्हणतात त्याला, ती भल्याभल्या मास्तरांना लागत नाहीत. ती हिला दहाव्या वर्षी लागायची. ही वाचणार, वडील पाठ करणार आणि सकाळी कोर्टात जाऊन डोळ्यांपुढं कागद धरून धडाधड म्हणून दाखवणार. सहा वर्षं अशी नोकरी काढली त्यांनी. तिला मराठी अक्षर मात्र एक येत नव्हतं. ते शिकवायला कुणाला गरजच पडली नव्हती.

पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली आमचं लग्न झालं. वर्षभरात निझाम गेला, त्याच्यामागं कचेरीतली उर्दू गेली. आमच्या घरी तर पहिल्यापासून कुणाला तिच्या वाचण्याचं काही नव्हतं. बाईमाणसानं भाकरी थापावी, खुरपावं, एवढाच हिशोब. फक्त बाजारातून गुळाची नाहीतर मिठाची पुडी आली आणि ती जुन्या उर्दू कागदाची असली, की तो कागद ती पाण्याच्या हातानं सपाट करायची आणि चुलीपुढं उकिडवं बसून वाचायची. मी एकदा विचारलं, काय लिहिलंय? म्हणाली, "कुणाच्या तरी म्हशीचा पंचनामा हाय. म्हैस मेल्याली हाय, पर शिंगाचं वर्णन लई चांगलं केलंय." मी हसलो. तिनं कागद चुलीत घातला.

बापू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. आई त्याला तीन वर्षांचा ठेवून गेली. अनुसया आली तवा तो अकरा-बारा वर्षांचा होता, पुढं तिनंच त्याला मोठं केलं. हुशार होता. हैदराबादला जाऊन वकील झाला आणि वर्षभर तालुक्याला कोर्टात उभा राहिला. पण त्याचा घसा बसायचा. जज्जसाहेबानं नुसतं वर बघितलं तरी ह्याचं तोंड कोरडं. एक दिवस कोट खुंटीला अडकवून म्हणाला, "दादा, वकिली माझ्यानं व्हायची न्हाय. मला पोरं शिकवायचीत. वर्गात घसा बसत न्हाय माझा." कायदा शिकवायला एलएलएम लागतं म्हणून तो पुण्याला गेला. पहिलं साल पेपरांचं होतं, ते पार पडलं. दुसऱ्या सालात काही व्याख्यानं आणि एक मोठा प्रबंध. त्याचे सर त्या सालानंतर नोकरीतून उतरणार होते आणि बापूनं घेतलेला विषय बघणारं त्यांच्यामागं कुणी नव्हतं. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत प्रबंध टेबलावर पाहिजे, नाहीतर दोन्ही सालं पाण्यात आणि पुन्हा तोच कोट.

विषय असा होता, की निझामाच्या कोर्टांनी विधवा बायांना नवऱ्याच्या जमिनीवर काय हक्क दिला. धाराशिवला एक म्हातारे मुसलमान वकील होते, ते मुलाकडं हैदराबादला राहायला निघाले. जाताना त्यांनी बापूला एक लोखंडी पेटी दिली. आत जुन्या निकालांच्या नकला, सगळ्या हातानं लिहिलेल्या. बापू उर्दू शाळेत चार इयत्ता बसलेला, छापलेलं अडखळत वाचायचा. ह्या नकला उघडल्या की नुसता बघत राहायचा. धाराशिव, तुळजापूर, कळंब, सगळीकडं विचारून आला. वाचणारी माणसं एक तर हैदराबादेला गेली होती, नाहीतर वरच.

महाराष्ट्र व्हायच्या आदल्या सालचा जून. कॉलेज उघडायला आठ दिवस होते. बापूनं सबंध वर्षाचा तक्ता करून आणला आणि माजघराच्या दाराआड खळीनं चिकटवला. लाल-निळ्या शाईनं चौकोन पाडलेले. दिवाळीपर्यंत पुण्यात व्याख्यानं. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे पेटीतलं वाचन. डिसेंबर-जानेवारी लिहिणं. फेब्रुवारीत टाइप करून द्यायचं. एप्रिलात तोंडी परीक्षा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण रंगीत होतं म्हणून बरं वाटलं. अनुसया पिठाचे हात घेऊन आली आणि म्हणाली, "काय लिवलंय ते सांगा की भावजी." त्यानं बोट ठेवून ठेवून सांगितलं. दिवाळीच्या चौकोनाशी तिनं त्याला थांबवलं.

"हितं पेटी कोण वाचणार हाय?"

बापू खाली बघून म्हणाला, "वयनी, तुमीच. दुसरं कोण हाय मला?"

मी बघत होतो. बारा वर्षांत आमच्या घरात तिला कुणी असं काही मागितलं नव्हतं. मग पदराला हात पुसून म्हणाली, "वाचते. पर तुमचा कागद चुकलाय. दिवाळीत मला मराय सवड न्हाय. भुईमूग हाय, पाव्हणेरावळे हायत, सारवण हाय. तीन आठवड्यांत एवढी पेटी हुईल व्हय? ज्वारी पोटऱ्यात आली की मी पाखरं राखाय माळ्यावर बसते. मार्गशीर्षापस्नं माघापस्तोर. सकाळी आन् दिस कलल्यावर. हात गोफणीला, तोंड मोकळं. तवा वाचते."

बापू म्हणाला, "मग लिहायचं कवा?"

"रोज वाचलं ते रोज लिवायचं. कणसं भरत्याल तसा तुमचा गरंथ भरंल."

त्यानं ब्लेडनं खरडून निळे चौकोन पुसले आणि तिच्या हिशोबानं पुन्हा पाडले. पुण्याच्या सरांना कधी कळलं नसेल, की त्यांच्या विद्यार्थ्याचं अभ्यासाचं वर्ष आमच्या ओढ्याकाठच्या ज्वारीवर बेतलं होतं.

डिसेंबरात बापू आला. शेताच्या मध्ये चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेला माळा, त्यावर अनुसया, मांडीवर कागद, त्यावर दगड. खाली धसकटं साफ करून पोतं अंथरलेलं, त्यावर बापू वही घेऊन. ती एक ओळ उर्दूत म्हणायची, मग तिचं मराठी करून सांगायची, मधेच उभी राहून गोफण फिरवायची. "मुद्दई बाईचं, म्हंजी जिनं दावा लावलाय तिचं, म्हणणं असं की नवरा मेल्यापस्नं कब्जा तिच्याच... हाऽऽ हाऽऽ, मेल्यांनो, उठा तिथनं! ...तिच्याच हाताखाली हाय." एखादा निकाल बाईच्या उलट गेला की कागद खाली आपटायची. "कामून न्हाय दिलं हिला? साक्षीदार चार हायत. ह्या हाकिमाला बायको न्हवती का?" बापू हसून सांगायचा, "वयनी, आपल्याला नुसतं वाचायचंय, निकाल फिरवायचा न्हाय." ती म्हणायची, "तुमी लिवा की, की माझ्या मतं चुकलाय म्हून." बापूनं तसं खरंच लिहिलं असणार. पुढं त्या निकालांवर त्यानं जी टीका केली, तिचं कौतुक झालं असं ऐकलं. मला ती टीका माळ्यावरची वाटते.

आता माझं सांगतो. पंधरा-सोळा दिवस झाले असतील. पारावर चार माणसं बसली होती, मी तंबाखू मळत उभा होतो. त्यातला एक मला म्हणाला, "काय वो, धाकट्याला पाखरं राखाय लावलंय म्हणं? वयनी वर, दीर खाली, रोज दोन टायम... पाखरू उडंल म्हून भ्या वाटंना व्हय तुमाला?" बाकीचे हसले. मीही हसलो. तिथंच त्याच्या तोंडात द्यायला पाहिजे होती, ती दिली नाही, हसलो. आणि तसाच तडक शेतात गेलो आणि जे तोंडाला येईल ते बोललो. बापूला म्हणालो, उद्याच्या गाडीनं पुण्याला जा. हिला म्हणालो, वाचन बंद, पेटी बंद. तक्त्याचा कागद घरी येऊन मीच फाडला. बापू खाली मान घालून गेला. एका शब्दानं उलटून बोलला नाही. त्यानं बोलायला पाहिजे होतं.

तीन दिवस अनुसयानं घरात तोंड उघडलं नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, माळ्यावर जायची. चौथ्या दिवशी मी मोट सोडून भाकरीला बसलो तर ती समोर उभी राहिली.

"तुमाला लोकांचं भ्या हाय न्हवं? मग तुमी बसा खाली."

"म्या? बसून काय करू?"

"लिवा. मी सांगते, तुमी लिवा."

"मला कुठं येतंय? सहीपुरतं येतंय."

"सहीला अक्षरच लागतेत की. तीच जरा जास्त काढायची. नवरा-बायकूला कोण काय म्हणतंय बघू."

मला राग आला, लाजही वाटली. पण ती दोन सालांचं म्हणाली... "लेकरागत वाढिवलाय म्या त्याला. तुमच्या एका हासण्यापायी त्याचा कोट पुन्ना खुंटीवरनं काढाया लावू नका." मी पारावर हसलो होतो हे तिला कुणी सांगितलं, मला अजून ठाऊक नाही.

मग मी बसलो. शाळा सोडून वीस वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी सकाळपासून चार ओळी झाल्या. बोटं नांगरावर दुखली नव्हती तेवढी दुखली. अक्षरं ज्वारीच्या ताटासारखी मोठी, एका पानावर आठ ओळी. जोडाक्षर आलं की मी बैल अडावा तसा अडायचो. ती वरून बघायची, तिला मराठी येत नव्हतं तरी माझा हात थांबलेला तिला दिसायचा. ती पुढं जायची नाही. पाखरं हाणायची, आणि माझा हात उचलला की पुढची ओळ. महिन्याभरात मला दिवसाला सहा पानं यायला लागली. आज हे जे मी लिहितोय, ते अक्षर तिनं शिकवलेलं आहे, आणि तिला ते वाचता येत नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी वह्या फडक्यात शिवून येरमाळ्याच्या पोस्टातून बापूला रजिस्टर करायचो. त्याचं पत्र यायचं, "वयनींना सांगा, नववी वही मिळाली. दादा, तुमचं अक्षर सुधारलं."

पेटी संपत आली होती आणि जानेवारी संपता संपता त्याचं एक वेगळंच पत्र आलं. बापूनं टाइप करून दिलेली पानं सरांनी वाचली आणि ते संतापले. प्रत्येक निकालाचं साल तेराशे पस्तीस, तेराशे एकेचाळीस असं टाकलेलं. सरांनी विचारलं होतं, अहो, सहाशे वर्षांपूर्वी ह्या बाया कुठल्या कोर्टात गेल्या होत्या? झालं असं होतं, की ते आकडे फसली सालाचे. निझामाच्या राज्यात तेच साल चालायचं, त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी साल येतं. अनुसयानं वाचताना नुसता आकडा सांगितला, मी आकडा लिहिला, बापूनं तोच टाइप करायला दिला. तिघांपैकी कुणाला खटकलं नाही. खटकणार कसं? माझा जन्मच तेराशे अडतीसचा. आमचं सगळ्यांचं बारसं, लग्नं त्याच सालात झालेली.

सालं दुरुस्त करायला दोन दिवस पुरले असते. पण सरांना आता सगळ्याच वाचनाचा संशय आला. त्यांनी बापूला विचारलं, हे उर्दू वाचणारा माणूस कोण? त्याचं शिक्षण काय? वाचन खरं आहे असं त्याच्या सहीचं पत्र आणा, तरच प्रबंध पुढं जाईल. बापू घाबरला. आणि घाबरून सांगून बसला, की माझे थोरले बंधू, निझामी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. वह्यांत अक्षर माझंच होतं, तेही सरांनी बघितलेलं. शेतात राबणारी वयनी शिकस्ता वाचते, हे सर खरं मानणार नाहीत असं त्याला वाटलं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "दादा, सोबत मजकूर इंग्रजीत करून पाठवतो आहे. खाली फक्त सही करा. वयनींना आत्ताच काही सांगू नका, मी आल्यावर सांगीन."

ते पत्र मी पोस्टातच वाचलं. तिथंच फळीवर कागद ठेवला. पोस्टमन टाक पुढं करून उभा. मला आलिफ म्हणजे उभी रेघ ह्यापलीकडं उर्दूचं एक अक्षर येत नाही. घर तिथून दोन कोस. घरी जाऊन तिला सांगता आलं असतं. तिला सही येत होती, उर्दूत, वडिलांसारखी झोकदार. ती म्हणाली असती, करते की मी सही, बोलवा तुमच्या सरांना, बसवा पुढं, दावा कागद, वाचून दावते. आणि तिनं वाचून दाखवलं असतं. पण मी एवढाच विचार केला, की पुण्यापर्यंत बायकोचं नाव कशाला न्यायचं. पारावरचे काय म्हणतील. सही केली. पाकीट बंद केलं. घरी येऊन म्हणालो, बापूला आठ दिवसांत सालं दुरुस्त करून पाहिजेत, बस.

ती आठ दिवस बोटांवर पाचशे नव्वद मिळवत बसली. एक आकडा चुकला नाही.

प्रबंध वेळेत गेला. बापू पास झाला. महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यात तो बांधीव पुस्तक घेऊन आला, काळा पुठ्ठा, वर सोनेरी इंग्रजी अक्षरं. फाट्यावर मी त्याला उतरवून घ्यायला गेलो होतो. वाटेत त्यानं सांगितलं, "दादा, पहिल्या पानावर आभार मानलेत, त्यात उर्दू वाचल्याबद्दल तुमचं नाव टाकावं लागलं. पत्र तुमच्या सहीचं होतं ना..." मी त्याची पिशवी ह्या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली. अनुसया हळद कांडत होती. हात धुतल्यासारखे केले, पण हळद निघाली नव्हती. पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं, पानं चाळली आणि विचारलं, "ह्यात माझं कुठं हाय?"

बापूनं माझ्याकडं बघितलं. त्याचा घसा बसला होता, कोर्टात बसायचा तसा. मग मी पुढं झालो. पहिलं पान काढलं, तिचं बोट धरलं आणि एका ओळीवर ठेवलं. "हे बघ. हितं. अनुसयाबाई असं इंग्रजीत हाय."

तिनं बोट ओळीवरून शेवटापर्यंत नेलं. मग पुस्तक मिटून बापूला म्हणाली, "ऱ्हावा जेवाय. पुरण घातलंय."

बापू पुढं तीस वर्षं पोरांना कायदा शिकवत होता. आता तोही थकला. घरात त्या पुस्तकाची एक प्रत कपाटात असायची. पाहुणे आले की मीच काढून दाखवायचो. अनुसयानं मात्र कधी कुणाला, विहिरीवरच्या बायकांनाही, सांगितलं नाही की त्यात माझं नाव छापलंय. मला वाटायचं, बाईला गर्व नाही. लोकांनाही मी तसंच सांगायचो.

दहाव्याच्या दिवशी माझी नात, वैशाली, माझ्याजवळ येऊन बसली. थोरल्याची मुलगी, कॉलेजात शिकते. म्हणाली, आजोबा, एक बोलू का. गेल्या साली तिनं कपाटातलं ते पुस्तक काढलं होतं आणि पहिलं पान आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. वाचता वाचता थांबून म्हणाली होती, आजी, इथं तर आजोबांचं नाव आहे. आजोबांना उर्दू येतं? आजी चाचपत शेंगा सोलत होती. म्हणाली, "त्यास्नी कुठलं येतंय. मला ठावं हाय ते. ज्या दिवशी पुस्तक आलं त्याच दिवशी कळलं. तुझा आजा खोटं बोलाय लागला म्हंजी माझ्याकडं बघत न्हाय, पायाच्या अंगठ्याकडं बघतंय."

वैशालीनं विचारलं, मग तू बोलली का नाहीस एवढी वर्षं?

"त्यांनी आपणहून सांगावं म्हून थांबले."

वैशाली उठून गेली. मी तिथंच बसलो, भटजी पिंडाला बोलवत होते तरी. अठ्ठेचाळीस वर्षं... ती रोज माझ्यासमोर ताट ठेवत होती आणि थांबलेली होती. आणि मी रोज त्या ताटावर जेवत होतो.

बापूला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. तो माझ्यासारखाच म्हातारा, काठी टेकत आलेला. रडला. म्हणाला, दादा, चूक माझी, मीच तसं सरांना बोललो. मी म्हणालो, तू घाबरून बोललास. मी पोस्टातून घरी येऊन सांगू शकत होतो, दोन कोसांची वाट होती. ह्यात तुझं तू बघ, माझं मी बघतो. म्हणून हे लिहिलं. कायद्याच्या लोकांना ह्यात काही करायचं असेल तर करावं. जुनं पत्र खोटं होतं, सही माझी होती, आणि मला उर्दू येत नाही. पेटीतले सगळे निकाल अनुसयानं वाचले. मी फक्त लिहिलं.

गेली पाच-सहा वर्षं तिला दिसत नव्हतं. वडिलांसारखाच मोतीबिंदू, ऑपरेशनही नीट झालं नाही. रविवारी ही पुरवणी आली की ती दाराच्या चौकटीला पाठ लावून, पाय लांब करून बसायची आणि मी उंबऱ्यावर बसून तिला सगळी पुरवणी वाचून दाखवायचो, पाककृतीपासून शब्दकोड्यापर्यंत. मी दम घ्यायला थांबलो की ती म्हणायची, "म्होरं." एवढंच. हे लिहिलेलं छापून आलं तर त्या रविवारी मी तसाच उंबऱ्यावर बसणार आहे आणि मोठ्यानं वाचणार आहे. पोरं म्हणतील, म्हातारा भिंतीला वाचून दाखवतोय. म्हणू दे. सहीचं वाक्य आलं की तिथं थांबीन... आणि चौकटीकडं बघूनच थांबीन, खाली नाही.